तो मेल बाहेरून आला नव्हता

ही हकिगत मी पुष्कळदा सांगितली आहे, पण खरी अशी एकदाही नाही. बायकोला नाही, पोलिसांना नाही, आणि ज्या माणसाचं त्यात घर मोडलं त्याला तर नाहीच. आज सांगतोय. आजच का — ते मलाही नीट माहीत नाही, आणि शोधत बसलो तर पुन्हा एखादी सोयीची पळवाट सापडेल. तेव्हा ते राहू दे.

आधी मी कसा माणूस आहे ते सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं तुम्हाला पटायचं नाही. मी देवरे. मूळ सटाण्याकडचा, पण आता कित्येक वर्षं नाशिकला, गंगापूर रोडला राहतो. अंबडच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर विभाग माझ्या ताब्यात होता. सर्व्हर, नेटवर्क, सगळ्यांचे मेल — सगळं माझ्या हातात. आणि फसलेल्या माणसांची मला कीव यायची नाही, किळस यायची. बक्षीस लागलंय म्हणून क्लिक करणारे, खातं बंद होईल म्हणून घाबरून पासवर्ड देऊन टाकणारे, आणि मग माझ्या केबिनच्या दारात उभे राहून "साहेब, मला वाटलं खरंच बँकेचा आहे" म्हणणारे. मी त्यांना बसा म्हणत नसे. मेलमधली चूक बोटानं दाखवायचो आणि विचारायचो, शाळेत गेला होतात ना? अकाउंट्समधली एक मुलगी एकदा रडत बाहेर गेली. त्या दिवशी मला जेवण छान गेलं.

बायको म्हणायची, "कुणी फसलं की तुम्हाला बरं वाटतं." मी म्हणायचो, बरं नाही वाटत, खात्री पटते. कसली खात्री, ते तिने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगणार होतो? की आजूबाजूला सगळे मूर्ख आहेत आणि मी नाही — याची?

चोरांचं मात्र मला कौतुक वाटायचं. हेही सांगून टाकतो. करोनाची साथ येण्याआधी ते आळशी होते. तीच परदेशातली लॉटरी, तोच कुणीतरी मेलेला श्रीमंत आणि त्याचं बेवारस घबाड. मग लॉकडाउन लागलं आणि बघता बघता ही मंडळी हुशार झाली. नवं काही शिकली नाहीत. फक्त पेपर वाचायला लागली. सकाळी पेपरात मास्कचा तुटवडा, दुपारी मेलमध्ये मास्क. मदतनिधीचं आवाहन झालं की हुबेहूब तसंच दुसरं आवाहन, फक्त खातं वेगळं. लोक घरून काम करू लागले तर "तुमच्या ऑफिस लॉगिनची मुदत संपत आहे". पुढे इंजेक्शन, मग सिलिंडर, मग लसीची नोंदणी. पूर्वी त्यांना हावरट माणूस हुडकावा लागायचा. आता गरजच उरली नव्हती, कारण घाबरलेला माणूस घरोघरी तयार बसला होता. हावरटाच्या मनात निदान थोडी शंका असते. ज्याची आई शेजारच्या खोलीत धापा टाकतेय त्याला कसली शंका येणार? हे सगळं मला त्या चोरांइतकंच स्वच्छ दिसत होतं. न कळून काही झालं, असं मला म्हणता येणार नाही.

दुसऱ्या लाटेत कारखाना निम्म्या माणसांवर चालू होता. मी घरून काम करत होतो. त्याच दिवसांत आमच्या खरेदी विभागाने मेलवर आलेल्या एका पुरवठादाराकडे ऑक्सिजन सिलिंडरसाठी आगाऊ पैसे भरले. पुरवठादार वगैरे कुणी नव्हताच. मालकांनी मला फोन केला. ते आवाज चढवत नाहीत. शांतपणे म्हणाले, "देवरे, तुम्ही लोकांना नक्की शिकवता तरी काय?"

एवढंच. आणि ते मला लागलं. इतरांच्या बावळटपणाचा जाब मला — मला विचारला जातो? मी ठरवलं की हे लोक किती बावळट आहेत ते एकदा आकड्यानिशी मालकांच्या टेबलावर ठेवायचं.

अशा चाचण्या मी आधीही घेतल्या होत्या. आपणच एक खोटा मेल सगळ्यांना पाठवायचा आणि कोण फसतं ते पाहायचं. कंपन्यांत ही रीत आहे, त्यात गैर काही नाही. विषय साधा असायचा — मेलबॉक्स भरला आहे, पार्सल आलं आहे. क्लिक केलं की एक पान उघडायचं: ही चाचणी होती, पुढच्या वेळी सावध राहा. माणूस ओशाळायचा, विषय संपायचा.

या वेळी मी विषय निवडला ऑक्सिजन बेड.

कुणाला विचारलं नाही. मालकांनाही नाही. त्या दिवसांत नाशिकमध्ये बेडसाठी लोक या दवाखान्यातून त्या दवाखान्यात रिक्षात पेशंट घेऊन फिरत होते, माझ्याच सोसायटीतले दोघे दगावले होते. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं म्हणूनच तो विषय निवडला. चोर असता तर त्यानेही हाच निवडला असता, आणि मी चोरापेक्षा सरस आहे हे मला दाखवायचं होतं.

मेल फार काळजीपूर्वक लिहिला. मराठीत लिहिला, म्हणजे मशीनवरच्या माणसालाही कळेल. "कर्मचाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी कंपनीने नाशिकमधील रुग्णालयात ऑक्सिजन बेड राखून ठेवले आहेत. गरजूंनी सोबतच्या फॉर्मवर नोंदणी करावी." वर कंपनीचं बोधचिन्ह. पाठवणाऱ्याचा पत्ता कंपनीचाच, कारण तो तसा दाखवणं माझ्या हातात होतं. खाली सही एचआरच्या पाटणकर मॅडमची. त्या स्वतः आजारी होत्या, घरी पडून होत्या, फोन उचलत नव्हत्या. म्हणजे कुणी त्यांना विचारून खात्री करून घेऊ शकणार नव्हतं. ही बारीक गोष्ट सुचली तेव्हा मी स्वतःवर खूश झालो होतो.

आणि आणखी एक गोष्ट केली. सगळ्यात वाईट तीच. फॉर्म भरल्यावर "ही चाचणी होती" असं पान यायला हवं होतं. ते मी काढून टाकलं. कारण पहिला जो फसतो तो लगेच बाकीच्यांना सांगतो, आणि मग आकडा छोटा राहतो. मला मोठा आकडा हवा होता. म्हणून त्या जागी लिहिलं — आपली नोंदणी झाली आहे. कृपया घरीच थांबा, रुग्णालयातून फोन येईल.

सकाळी चहा घेता घेता तो मेल पाठवला.

नावं येऊ लागली. स्क्रीनवर एकेक ओळ वाढत होती आणि मी हसत होतो. पेंटशॉपचा सुपरवायझर. खरेदी विभाग — अर्थातच. मॅनेजरसुद्धा. बायकोला हाक मारून दाखवावं असं मनात आलं होतं, पण ती तिच्या भावाच्या तब्येतीसाठी फोनवर होती, म्हणून राहिलं.

फॉर्ममध्ये रुग्णाच्या स्थितीसाठी एक चौकट ठेवली होती. खरं तर तिची काही गरज नव्हती. फॉर्म खरा वाटावा म्हणून ठेवली. लोकांनी त्यात लिहिलं. त्यातच निवृत्ती भोर यांचं नाव आलं.

भोर आमच्या डिस्पॅचला होते. घोटीचे. पन्नाशीकडे झुकलेले, शांत, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेले. कधी माझ्या केबिनला आले नव्हते, कारण ते कधी फसलेच नव्हते. शंका आली की मेल उघडायचेच नाहीत. त्यांनी चौकटीत लिहिलं होतं: "बायकोला लय दम लागतोय. गाडी हाय आमच्याकडं, कुठं पण घेऊन येतो. फक्त कुठं यायचं ते सांगा."

मी ते वाचलं. काय वाटलं म्हणाल तर — मला वाटलं, सापडले, भोरसुद्धा सापडले. हे असं वाटलं. दुसरं काही वाटलं होतं असं आज लिहिणं सोपं आहे, पण तसं नव्हतं.

थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा फॉर्म भरला. मग पुन्हा. त्यांना वाटलं असेल, पोचला नाही. शेवटच्या वेळी चौकटीत फक्त "साहेब फोन करा" एवढंच होतं. त्यांचा नंबर माझ्यासमोर होता. एक फोन केला असता तर? पण मग चाचणी फुटली असती. संध्याकाळी बंद करू, असं म्हणून मी लॅपटॉप मिटला आणि जेवायला बसलो. संध्याकाळीही ती बंद केली नाही.

तेव्हा घोटीला काय चाललं होतं ते मला नंतर कळलं, तुकड्या-तुकड्यांनी. भोरांचे मेहुणे रामदास — भोरांच्या बायकोचे, सुनंदाबाईंचे, सख्खे भाऊ, भाताचे व्यापारी — त्यांनी त्याच सकाळी ओळखीपाळखीने एका कोविड सेंटरमध्ये बेड मिळवला होता. तासाभरात पेशंट आणा, नाहीतर दुसऱ्याला देतो, असा निरोप होता. ते गाडी घेऊन दारात आले. भोर म्हणाले, कंपनीने नाशिकला सोय केली आहे, ऑक्सिजनचा बेड आहे, नोंदणी पण झाली, घरी थांबायला सांगितलंय. दोघांची बाचाबाची झाली. रामदास म्हणाले, हातातलं सोडू नका. भोर म्हणाले, ते सेंटर साधं आहे, तिचं तिथे निभायचं नाही. सुनंदाबाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "कंपनी म्हणतीय तर थांबू."

ते थांबले. सेंटरमधला बेड दुसऱ्याला गेला. दुपार सरली, फोन आला नाही. पाटणकर मॅडम फोन उचलत नव्हत्या. ऊन उतरल्यावर त्यांनी सुनंदाबाईंना गाडीत घातलं आणि नाशिकची वाट धरली. मुंबई नाक्याच्या अलीकडे त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या ग्रुपवर बातमी आली. त्याखाली पाटणकर मॅडमचा मेसेज — आदल्या दिवशीचे मिस्ड कॉल पाहून बिचाऱ्या अंथरुणातून उठून लिहीत होत्या. "माझ्या नावाने बेडचा मेल कुणी पाठवला? मी असा काही मेल केलेला नाही."

त्या क्षणी मी काय केलं? गप्प बसलो असतो तरी ते भेकडपण झालं असतं. मी गप्प बसलो नाही. मी लिहिलं: "बाहेरच्या गुन्हेगारांनी कंपनीच्या नावाने खोटा मेल पाठवल्याचं लक्षात आलं आहे. कुणीही त्यावर माहिती भरू नये. तपास सुरू आहे." मेसेज टाकला आणि सर्व्हरवरचं सगळं पुसायला बसलो. फॉर्म, नावं, चौकटीतली वाक्यं. काम चोख केलं, नेहमीसारखं.

मग ग्रुपवर शिव्यांचा पाऊस पडला. गिधाडं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे. ह्यांच्या घरी आयाबहिणी नाहीत का. मी प्रत्येक मेसेज वाचला. खाली हात जोडल्याचं चिन्हही टाकलं. आठवड्याच्या बैठकीत मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "देवरेंनी वेळेवर सावध केलं, नाहीतर आणखी किती जणांच्या घरात हे झालं असतं." मी मान खाली घातली. लोकांना ती नम्रता वाटली.

पुढे भोरांनी पोलिसांत तक्रार द्यायचं ठरवलं. त्यांना लिहायचं कसं कळेना, म्हणून मालकांनी मला सोबत दिलं. रामदासही आले होते. बाकड्याच्या एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला भोर, मध्ये मी. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. तक्रार मी लिहिली. "अज्ञात इसमाने" — हे शब्द माझ्या हाताने लिहिले. अधिकाऱ्यांनी विचारलं, मूळ नोंदी मिळतील का? मी म्हटलं, हल्लेखोरांनी त्या नष्ट केल्या आहेत. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. माहीतगार माणूस म्हणतोय म्हणजे तसंच असणार. बाहेर आल्यावर रामदास माझ्याशी बोलले, भोरांना ऐकू जाईल अशा आवाजात. "साहेब, चोर तर चोरच हाय. पण बहीण माझी ह्या माणसाच्या शहाणपणानं गेली." भोरांनी ऐकलं.

त्याच वेळी बोलता आलं असतं. माणसं समोर होती, पोलीस चौकी पाठीमागे होती. मी म्हणालो, "चला, पाऊस यायच्या आत निघू."

भोरांनी नोकरी सोडली. घोटीतच एका राइस मिलवर लागले. मुलगी मामाकडे राहायला गेली ती तिकडचीच झाली. लग्न मामाने लावलं. भोरांना बोलावणं होतं, पण पाहुण्यासारखं.

आणि माझं? माझं उत्तम चाललं. साथ ओसरली, पण लोकांची भीती काही ओसरली नाही. चोरांनी ती हातची जाऊ दिली नाही. वीज तोडतो म्हणून मेसेज, पुराच्या वेळी मदतीच्या नावाने मेल, आता तर पोलिसाचा वेष करून माणसाला त्याच्याच घरात तासन्‌तास कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवतात. मला व्याख्यानांची बोलावणी येऊ लागली. शाल, नारळ, पुष्पगुच्छ. आणि प्रत्येक व्याख्यानात एक गोष्ट हमखास असायची — एका कामगाराची, नाव न घेता. बेडचा मेल, भरलेला फॉर्म, हातचा सोडलेला बेड. सभागृहात चुकचुकायचा आवाज यायचा. बायका पदर डोळ्याला लावायच्या. मी थोडं थांबायचो — किती थांबायचं हेही सरावाने जमलं होतं — आणि म्हणायचो, संकटात चोर आधी तुमचं डोकं चोरतो.

हे सांगतानासुद्धा मला ते वाक्य आवडतं. काय माणूस आहे मी!

यंदा घोटीच्या भात व्यापाऱ्यांनी बोलावलं. जावं की नाही, असा विचारही मनात आला नाही, हे विशेष. हॉल भरला होता. व्यापारी, मिलवाले, त्यांच्याकडची माणसं. रामदास पहिल्या रांगेत होते. मी ओळखलं, त्यांनीही ओळखलं. गोष्ट गाळता आली असती. नाही गाळली. सवय. नेहमीच्या ठिकाणी थांबलो, नेहमीचं वाक्य म्हणालो.

प्रश्नोत्तरांत रामदास उभे राहिले. आवाज अगदी साधा. "साहेब, मला एक सांगा. चांगला कंपनीत नोकरीला असलेला माणूस, दारात गाडी उभी, बेड तयार, तरी एका मेलवर इस्वास ठेवून बसतो. असं कसं होतं?"

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. त्या माणसाला इतकी वर्षं एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं आणि उत्तर माहीत असलेला जगातला एकमेव माणूस समोर माइक घेऊन उभा होता.

मी म्हणालो, "काही माणसं विचार करत नाहीत हो. त्याला इलाज नाही."

लोक हसले. रामदास हसले नाहीत. ते मागे वळले आणि शेवटच्या रांगेकडे पाहत राहिले. तेव्हा मला भोर दिसले. केस पूर्ण पांढरे झालेले, सदऱ्यावर भाताचा कोंडा. ते कुणाकडेच बघत नव्हते.

कार्यक्रम संपल्यावर मी घाईने गाडीकडे निघालो तर ते तिथे उभे. मला वाटलं, आता बोलतील, निदान रागाने बघतील. त्यांनी हात जोडले.

"बरं सांगितलं साहेब. माझं नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. माणूस कसा येडा होतो, कळू द्या लोकांना."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नका, भोर," म्हणालो. आणि गाडीत बसलो. आरशात ते बराच वेळ दिसत होते, तिथेच उभे.

फसणाऱ्या माणसांचा आयुष्यभर तिरस्कार करत आलो. आता तो तिरस्कार घरी परत आला आहे, पण त्याचाही मला भरवसा नाही. स्वतःला शिव्या घालून मोठं होण्याची युक्ती मला जमण्यासारखी आहे. म्हणून फक्त घडलं ते लिहितो. अज्ञात इसम कुणी नव्हता. मेल मी लिहिला, मी पाठवला, आलेली उत्तरं मी वाचली आणि मीच पुसली. भोर येडे नव्हते. त्या मेलवर कुणीही विश्वास ठेवला असता. तो तसाच बनवला होता. सुनंदाबाईंना घेऊन ते त्या सकाळी निघाले नाहीत, कारण मी त्यांना घरी थांबायला सांगितलं होतं.